चिखलीतून परराज्यातल्या विद्यापीठात जायचं तर फीमाफी कुणाला, किती आणि कशाच्या जोरावर?

बारावीचा निकाल लागला की चिखलीच्या बसस्टँडपासून मोहल्ल्यातल्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत एकच चर्चा सुरू होते. कुणाचा मुलगा पंजाबला चाललाय, कुणाच्या मुलीला बंगळुरूहून फोन आलाय की "तुमच्या मार्कांवर पन्नास टक्के स्कॉलरशिप मंजूर झाली आहे, आजच सीट बुक करा." फोन गोड असतो. घरी आनंद होतो, पेढेही वाटले जातात. हिशेब मात्र नंतर होतो, आणि तोवर पहिला हप्ता भरून झालेला असतो.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच. महाराष्ट्राच्या सवलतींचा पैसा बहुतेक करून महाराष्ट्रातल्याच कॉलेजात मिळतो. मुलगा किंवा मुलगी राज्याबाहेर गेली की महाडीबीटीचं पोर्टल मागे राहतं. बाहेरच्या विद्यापीठात त्या सवलतीच्या जागी दुसरं काय मिळणार, हे कागदावर मांडल्याशिवाय "स्कॉलरशिप मिळाली" म्हणण्याला काही अर्थ नाही.

मागे काय राहतं

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, झालेला असावा. मॅनेजमेंट कोटा, खासगी अभिमत विद्यापीठ आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ यांना ही सवलत लागू नाही. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तीत ८ लाखांच्याच मर्यादेत निम्मी शिक्षण फी मिळते. यांशिवाय एआयसीटीईच्या ट्यूशन फी वेव्हर योजनेत प्रत्येक शाखेच्या मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात. तिथे शिक्षण फी लागत नाही आणि उत्पन्न मर्यादा तीच ८ लाखांची. पण या जागा त्या त्या राज्याच्या मुलांसाठी. आपल्या मुलांना त्या महाराष्ट्रात मिळतील, कर्नाटकात नाही.

आता हिशेब करा. ईडब्ल्यूएसचा दाखला असलेल्या मुलीला गावातच अनुराधा अभियांत्रिकी महाविद्यालयात, किंवा अमरावती, संभाजीनगर, पुणे इथल्या कॉलेजात, कॅपमधून जागा मिळाली तर शिक्षण फी शून्य. त्याच मुलीला परराज्यातल्या खासगी विद्यापीठाने "पन्नास टक्के" दिले, तर उरलेले पन्नास टक्के घरातून जाणार, शिवाय होस्टेल, मेस आणि रेल्वेचं भाडं. जाहिरातीत पन्नास टक्के मोठं दिसतं, पण घरचं शंभर टक्के सोडून ते घेतलंय हे कुणी सांगत नाही. बाहेर जाऊच नये असं आम्ही म्हणत नाही. काही ठिकाणी जाण्यात खरोखर फायदा आहे, त्या ठिकाणांबद्दलच पुढे लिहितो.

फी खरोखर कुठे माफ होते

सर्वात पक्की सवलत आयआयटी आणि एनआयटीची. आयआयटीत बी.टेक.ची शिक्षण फी वर्षाला २ लाख रुपये आहे. कुटुंबाचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ, आणि १ ते ५ लाखांच्या मध्ये असेल तर दोन तृतीयांश माफ, म्हणजे भरायचे साधारण ६७ हजार. एनआयटीची शिक्षण फी १ लाख २५ हजार असून सूट याच हिशेबाने मिळते. मधल्या गटाला ४२ हजारांच्या आसपास भरावे लागतात. दोन्हीकडे होस्टेल आणि मेस वेगळं. ही सवलत रँकवर नाही, उत्पन्नावर आहे. रँक फक्त आत जाण्यासाठी लागते. तालुक्यातल्या कित्येक घरांत "आयआयटी म्हणजे श्रीमंतांचं" असा समज अजून आहे. गॅरेजवाल्याच्या, हमालाच्या, भाजीविक्रेत्याच्या मुलासाठी ती कित्येक खासगी कॉलेजांपेक्षा स्वस्त पडते.

दुसरा मार्ग केंद्रीय विद्यापीठांचा. इथे सवलत फारशी मागावीच लागत नाही, कारण मुळात फीच कमी असते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, दिल्लीचं जामिया मिलिया इस्लामिया, हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ म्हणजे मानू, दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, बनारस हिंदू विद्यापीठ. यांतल्या बऱ्याच ठिकाणी पदवीचा प्रवेश सीयूईटी या परीक्षेतून होतो. २०२२ पासून ती एनटीए घेते आणि ती १३ भाषांत देता येते. त्यांत मराठी आहे, उर्दूही आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना आणि त्यांच्या सरांना हे अजून पुरेसं माहीत नाही याचं आम्हाला नवल वाटतं. अलीगढ बहुतेक अभ्यासक्रमांसाठी स्वतःची प्रवेश परीक्षा घेतं. जामियात काही अभ्यासक्रम सीयूईटीतून आणि काही स्वतःच्या परीक्षेतून भरतात, त्यामुळे तिथे दोन अर्ज करावे लागू शकतात.

जामियाला २०११ मध्ये अल्पसंख्याक संस्थेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून तिथे निम्म्या जागा मुस्लिम उमेदवारांसाठी आहेत: ३० टक्के सर्वसाधारण मुस्लिम, १० टक्के मुस्लिम महिला, १० टक्के मुस्लिम ओबीसी आणि अनुसूचित जमाती. चिखलीची एखादी मोमीन किंवा बागवान घरातली मुलगी यांतल्या एकापेक्षा जास्त गटांत बसू शकते. फॉर्म भरताना घाईत एकच खूण केली जाते, तसं करू नका. अलीगढला अशी धर्मावरची राखीव जागा नाही. तिथे आतल्या शाळा-कॉलेजांतून आलेल्यांना निम्म्या जागा असतात, आणि बाहेरच्या मुलाची स्पर्धा उरलेल्या निम्म्यासाठी असते.

मानू १९९८ मध्ये संसदेच्या कायद्याने उभं राहिलं आणि तिथलं शिक्षण उर्दूतून चालतं. दहावी किंवा बारावीला उर्दू माध्यम किंवा उर्दू विषय असणं, किंवा मान्यताप्राप्त मदरशाचं शिक्षण, ही तिथली मुख्य पात्रता. जालन्याहून सिकंदराबादची थेट रेल्वे आहे, तेव्हा आपल्याकडून दिल्लीपेक्षा हे जवळ. उर्दू शाळेत शिकणं हे ओझं समजणाऱ्या पालकांनी या विद्यापीठाची प्रवेश पुस्तिका एकदा वाचावी.

दिल्ली विद्यापीठाची स्वतःची आर्थिक मदत योजना आहे. विद्यापीठाच्या विभागांत शिकणाऱ्यांना उत्पन्न ४ लाखांपर्यंत असेल तर पूर्ण आणि ४ ते ८ लाखांमध्ये असेल तर निम्मी फी परत मिळू शकते. संलग्न कॉलेजांचे नियम वेगवेगळे असतात, ते त्या कॉलेजलाच विचारावेत. अलीगढमध्ये तर गरजू विद्यार्थ्यांसाठी ड्यूटी सोसायटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काम करते. ती साहिबजादा आफताब अहमद खान यांनी सुरू केली. प्रवेश झाल्यावर तिच्याकडे अर्ज करता येतो, पण तिच्या भरवशावर प्रवेश घेऊ नये.

तिसरा प्रकार गरज पाहून फी ठरवणाऱ्या खासगी विद्यापीठांचा. बंगळुरू आणि भोपाळचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, हरियाणातल्या सोनीपतचं अशोका विद्यापीठ. इथली मूळ फी ऐकून माणूस हबकतो, पण निवड झाल्यावर उत्पन्न तपासून अंशतः ते पूर्ण माफी देतात, आणि अझीम प्रेमजीत ती होस्टेललाही लागू होते. बिट्स पिलानीतही गुणवत्ता आणि गरज दोन्ही पाहून सूट मिळते. या ठिकाणी प्रवेशासोबतच आर्थिक मदतीचा अर्ज भरावा लागतो. तो राहिला तर नंतर हातापाया पडूनही उपयोग होत नाही.

"मेरिट" म्हणजे कुठलं मेरिट?

हा शब्द तीन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो आणि गोंधळ तिथेच होतो. एक, बोर्डाचे गुण. दोन, राष्ट्रीय परीक्षेतली रँक. तीन, विद्यापीठाची स्वतःची स्कॉलरशिप टेस्ट. ही तिसरी बहुतेक वेळा जाहिरातीचाच भाग असते. परीक्षेला बसलेल्या जवळपास प्रत्येकाला काहीतरी टक्के मिळतात, म्हणजे ती सूट नाही, सवलतीच्या नावाखाली ठरलेली खरी किंमत आहे. सगळीच विद्यापीठं तशी नाहीत. काही जुनी खासगी विद्यापीठं बोर्डात पहिल्या आलेल्यांना चारही वर्षं पूर्ण फी माफ करतात. पण ते अगदी मोजक्यांसाठी.

बोर्डाच्या गुणांवर मिळणारी आणि भारतात कुठेही चालणारी मोठी सरकारी योजना म्हणजे केंद्राची पीएम-यूएसपी, जिला लोक सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप म्हणतात. वर्षाला ८२ हजार नव्या विद्यार्थ्यांना, त्यांत निम्म्या मुली. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२ हजार, पदव्युत्तरला २० हजार. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि बारावीत आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असणं आवश्यक. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे. बोर्डातल्या शंभर मुलांपैकी ऐंशी तुमच्या मागे असली पाहिजेत, असा त्याचा अर्थ. मराठी किंवा उर्दू माध्यमातून कला शाखेत ७२ टक्के मिळालेली मुलगीही पात्र ठरू शकते, आणि विज्ञानात ७५ घेतलेला मुलगा बाहेर राहू शकतो. म्हणून "मला ऐंशी टक्के कुठे आहेत" म्हणून अर्ज सोडू नका. पुढच्या वर्षी ती चालू ठेवायला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. एक अडचण: दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेत असाल तर ही मिळत नाही. दोन्हींत जास्त रक्कम कशात, ते पाहून एक निवडा.

मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती योजना वर्षाला ५० हजार देते. एआयसीटीई-मान्य संस्थेत तांत्रिक पदवी किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षाला, अथवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश हवा, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. राज्याचं बंधन नाही. पण काही खासगी विद्यापीठं एआयसीटीईची मान्यता न घेताच अभियांत्रिकी शिकवतात, आणि कायद्याने त्यांना ते चालतं. तिथे गेलेल्या मुलीला प्रगती मिळत नाही. प्रवेशाआधी हा एक प्रश्न लेखी विचारा. खासगी संस्थांपैकी रिलायन्स फाउंडेशन पदवीच्या पहिल्या वर्षातल्या ५ हजार विद्यार्थ्यांना पूर्ण अभ्यासक्रमासाठी २ लाखांपर्यंत देतं. बारावीला ६० टक्के आणि एक ऑनलाइन चाचणी लागते.

अल्पसंख्याक मंत्रालयाच्या योजनांबद्दल आम्हाला सर्वाधिक विचारलं जातं, आणि उत्तर आनंदाचं नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरती उरली. डिसेंबरमध्ये संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप बंद झाल्याचं संसदेत सांगितलं गेलं. २०२४ च्या फेब्रुवारीत मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश निघाला. पोस्ट-मॅट्रिक आणि मेरिट-कम-मीन्स यांच्या जोरावर कुणी परराज्यातल्या चार वर्षांचा हिशेब मांडत असेल, तर आमचं स्पष्ट मत आहे की मांडू नये. मिळाल्या तर वरकड समजा.

दाखल्यांची लढाई

खरं अपयश बहुधा गुणांत नसतं, कागदात असतं. केंद्रीय संस्थांसाठी ईडब्ल्यूएस आणि ओबीसी नॉन-क्रिमीलेअरचे दाखले केंद्राच्या नमुन्यात लागतात. महाराष्ट्राच्या नमुन्यातला दाखला तिथे चालत नाही. तारीखही पाहिली जाते: प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलनंतर काढलेला हवा. चिखली तहसीलमध्ये जूनमध्ये गर्दी उसळते, म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच सेतू केंद्रात अर्ज टाका. अर्जावर "केंद्र शासनासाठी" असं स्पष्ट सांगा, नाहीतर समोरचा माणूस सवयीने राज्याचा काढून देतो.

कोण कशात बसतं? मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, मनियार, पिंजारी-मन्सूरी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीच्या यादीत आहेत. केंद्राच्या यादीत आपली नोंद नेमकी कोणत्या नावाने आहे ते बघून घ्यावं, कारण दोन्ही याद्या शब्दशः सारख्या नाहीत. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आपल्या घरांची अडचण तिथे असते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं. अशा वेळी चुलत आजोबांचा, पणजोबांचा शाळेतला दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकातली नोंद, जुनं खरेदीखत शोधावं लागतं. हे काम आठवड्याचं नाही. मूल नववीत असताना सुरू करा.

जे ओबीसीत नाहीत, त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएस. मुस्लिमांना हे आरक्षण लागू नाही असा गैरसमज अजूनही ऐकू येतो, तो चुकीचा आहे. सर्व स्रोतांचं मिळून उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि कुटुंबाच्या नावावर ५ एकर किंवा जास्त शेती, १००० चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट, नगरपालिका हद्दीत १०० चौरस यार्ड किंवा मोठा निवासी प्लॉट यांपैकी काही नसावं. शेतकरी घरांनी सातबारा आधी पाहावा. जामियासारख्या अल्पसंख्याक संस्थांत मात्र ईडब्ल्यूएसची तरतूद लागू होत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल कडू वाटेल तरी लिहितो. दुकानाच्या किंवा घराच्या कर्जासाठी रिटर्नमध्ये उत्पन्न सहा लाख दाखवायचं आणि शिष्यवृत्तीसाठी दाखल्यावर नव्वद हजार, ही युक्ती आता चालत नाही. पॅन आणि आधार जोडलेलं आहे. दुसऱ्या वर्षी तपासणीत सवलत रद्द झाली तर परराज्यात अडकलेल्या मुलाने काय करायचं? आणि खोटा कागद हा खोटा कागदच.

नावांचंही पाहा. आधारवर "मोहम्मद", दहावीच्या गुणपत्रिकेवर "मो.", बँकेत "मोहंमद", कुठे शेख आधी, कुठे शेवटी. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर वन टाइम रजिस्ट्रेशन आधारवरूनच होतं आणि अर्ज इथेच अडकतात. गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरून बाकीचं दुरुस्त करून घ्या. बँकेत खातं नुसतं आधारशी जोडून चालत नाही, थेट लाभ हस्तांतरणासाठी ते सक्रिय आहे का हेही विचारा.

अकरावीलाच बाहेर पाठवणाऱ्यांसाठी

मुलाला दहावीनंतर अलीगढच्या प्लस-टूला किंवा राजस्थानात कोट्याला पाठवायची पद्धत वाढते आहे. त्याची एक किंमत आहे. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही, काही मोजके अपवाद सोडून, महाराष्ट्रातूनच झालेली लागते. एनआयटीत "होम स्टेट" हे बारावी कुठून केली यावर ठरतं. उत्तर प्रदेशातून बारावी केलेल्या चिखलीच्या मुलाला नागपूरच्या व्हीएनआयटीत परराज्याचा उमेदवार मानलं जातं. २०२४ मध्ये बुलढाण्यातच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. डॉक्टर व्हायचं स्वप्न असलेल्या मुलाची बारावी बाहेर करण्याआधी याचा विचार व्हावा. कोट्याच्या क्लासला जायचंच असेल तर बोर्डाचा फॉर्म कुठून भरला जाणार, हे क्लासवाल्यांकडून आधी कळून घ्या.

ऑफर लेटर हातात आल्यावर

सूट फक्त शिक्षण फीवर आहे की एकूण फीवर? एका वर्षासाठी की पूर्ण अभ्यासक्रमासाठी? पुढच्या वर्षी टिकवायला किती सीजीपीए हवा, आणि एका विषयात बॅकलॉग राहिला तर काय? पुढच्या वर्षी फी वाढली तर सूट जुन्या आकड्यावर की नव्या? या चार प्रश्नांची उत्तरं ईमेलवर घ्या, फोनवर नको. साडेसात किंवा आठ सीजीपीएची अट कागदावर सोपी वाटते. मराठी-उर्दू माध्यमातून येऊन पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीत सगळं नव्याने शिकणाऱ्या मुलाला ती जड जाते, आणि बहुतेक सवलती पहिल्या वर्षाअखेर तिथेच गळतात.

मूळ कागदपत्रं एजंटाच्या हाती देऊ नयेत. यूजीसीच्या नियमाने विद्यापीठालाही तपासणीनंतर ती ठेवून घेता येत नाहीत, आणि ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केला तर फी परत करावी लागते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपये कपात, असं यूजीसीने ठरवलं होतं. आपल्या वर्षाची तारीख त्यांच्या संकेतस्थळावर पाहावी.

उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढावं का, हा प्रश्न आपल्या घरांत फक्त पैशाचा नसतो. माहिती म्हणून सांगतो: ६ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळतं. साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी, शिक्षण संपून एक वर्षापर्यंतचं व्याज सरकार भरतं. त्यानंतरचं व्याज कर्जदाराकडेच येतं. त्या एका वर्षाच्या आत कर्ज फेडणं जमेल का, आणि व्याज दुसरा भरत असेल तर मसला काय, हे आपल्या भरवशाच्या आलिमना कागद दाखवून विचारा. मशिदीच्या किंवा जमातीच्या बैतुलमालमधून मदत मागायची असेल तर प्रवेशपत्र, फीची पावती आणि इतर सवलतींचे अर्ज सोबत न्या. देणाऱ्याला नेमकी किती तूट आहे हे दिसलं की निर्णय लवकर होतो. रमजानमध्ये जकात वाटली जाते आणि फीचा हप्ता जुलै-ऑगस्टमध्ये येतो, म्हणून मागणी निकालाची वाट न पाहता आधीच नोंदवून ठेवावी.